दोन्ही ड्रम खोलले त्या दिवशी

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे आमच्या जुन्या व्हॅनच्या मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेकचे ड्रम खोलले. दिवाळी होऊन गेलती. दुपारचे तीन वाजले असतील. मी पोतं अंथरून चाकापाशी बसलो होतो, ती उंबऱ्यावर. डावा ड्रम निघाला तेव्हा ती म्हणली, "उजवा पण खोला."

मी म्हणलं, "दोन्ही?"

"दोन्ही. लवकर हुंदे आज."

मी खोलला. त्याच दिवशी, दिवस बुडायच्या आत ती गेली.

आता गाव म्हणतं, व्हॅनला चाकं असती तर म्हातारी वाचली असती. किराणा दुकानापाशी म्हणतात, मी आलो की गप होतात. मातीला आलेल्या एका पाव्हण्यानं तर तोंडावर इचारलं, "तात्या, चाकं काढायला हाच दिस घावला व्हय?" मी त्याला काही बोललो नाही. आता लिहितो. मी चौथी शिकलोय, अक्षर वाकडं येतं. पण ती बाई कशी होती हे सांगितल्याशिवाय चाकं कावून काढली होती हे कुणाला कळायचं नाही.

तिला गाडी चालवता येत नव्हती. शिकायचं म्हणूनही कधी म्हणली नाही. पुढच्या शिटावर बसायची नाही. मागं, उजव्या अंगाला, खाली वाकून बसायची. मी म्हणायचो, "पुढं बस की, वारं लागंल."

"पुढं बसलं की रस्ता दिसतो. गाडी ऐकू येत न्हाई."

व्हॅन तिच्या बापानं दिली असावी अशी ती वागायची. दारात उभी असली तरी चाकामागं दगड. सपाट अंगणात दगड. शेजारणी हसायच्या, "काकी, गाडी काय रातच्याला माहेरी जाती का?" ती म्हणायची, "तुझ्या नवऱ्यामागं बी असाच दगड ठिवला असता तर बरं झालं असतं." त्या बाईचा नवरा खरंच घरी कमीच असायचा.

कुठल्याही गाडीत बसायच्या आधी ती चालवणाऱ्याला एकच गोष्ट इचारायची. "बिरेक कवा खोललं व्हतं?" आमच्या व्हॅनमध्ये नाही, दुसऱ्याच्या. एकदा माजलगावच्या स्टँडवर एसटीच्या ड्रायव्हरच्या खिडकीपाशी जाऊन हाच प्रश्न. मागं पन्नास माणूस चढायला खोळंबलेलं. कंडक्टर म्हणला, "मावशी, तिकीट घ्यायचंय का डेपोचं सायेब व्हायचंय?"

"तिकीट दे. पर आधी त्याला सांगू दे."

ड्रायव्हर भला माणूस. म्हणला, "गेल्या म्हैन्यात खोललं, मावशी." मग चढली. मी लाजेनं मागच्या दारात तोंड लपवून उभा.

एका निवडणुकीला एक पुढारी आमच्या अंगणात आला. लई मोठी गाडी, काळ्या काचा. हात जोडून म्हणला, "काकू, काय अडचण असंल तर सांगा." ही त्याच्या मागच्या चाकापाशी उभी. हाताची मागची बाजू चाकाजवळ धरलेली, तापलेल्या तव्यावर धरतात तशी.

"अडचण मला न्हाई, तुमाला हाय. चाक भाजायलंय."

हातब्रेक अर्धा ओढलेलाच ठेवून ड्रायव्हर बीडहून गाडी घेऊन आला होता. पुढाऱ्यानं ड्रायव्हरकडं असं बघितलं की ते पोरगं काळंठिक्कर पडलं. माणसं हसली, चहा झाला, गाडी गेली. तिनं मत त्याला दिलं का दुसऱ्याला, ते मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

हे खूळ तिला लागलं ऊसतोडीत. आम्ही दोघांनी अठरा हंगाम ऊस तोडला. तिकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. एका वर्षी कारखान्यावर जाताना ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यात आमची सगळी टोळी, भांडीकुंडी, कोंबड्या, सगळं. घाटात ट्रॅक्टर बंद पडला आणि ट्रॉल्या मागं सरकायला लागल्या. मी वरच बसून ओरडत होतो. ही खाली उडी मारून गेली आणि चाकाखाली दगड लोटला. दगड निसटला. दुसरा लोटला, तो टिकला. पण दोन दगडांच्या मधल्या वेळात आमच्या टोळीतल्या एका बाईचा पाय चाकाखाली गेला. पाय कापावा लागला तिचा.

ड्रायव्हर म्हणत होता, "बिरेक लागलंच न्हाई, माझा काय दोष?"

हिनं त्याला इचारलं, "लागलं न्हाई म्हंजी काय? आत काय असतंय?"

तो म्हणला, "बाई, तुला काय कळायचंय त्यातलं."

तेवढंच. पुढं ऊसतोड सुटली, मी लोकांच्या गाड्यांवर ड्रायव्हर झालो, आणि मग ही व्हॅन घेतली, घेतली तेव्हाच जुनी होती. गाडी दारात आली की बायका कुंकू लावून नारळ फोडतात. हिनं नारळ फोडला आणि म्हणली, "आता मागचं चाक काढा. आत काय असतंय ते मला बघायचंय."

मला गाडी चालवता यायची, खोलता येत नव्हती. दिंद्रुडला एक मेस्त्री होता, त्याच्यापाशी दोन दिवस बसून बघून आलो. ड्रम निघत नसला तर हातोडीनं ठोकायचं नाही, त्याला दोन भोकं असतात, त्यात दोन बोल्ट पिळायचे, मग तो आपल्या पायानं बाहेर येतो. हे मी शिकलो. बाकीचं तिनं शिकवलं.

ड्रमच्या आत चंद्रकोरीसारखे दोन लायनर असतात. पाय दाबला की ते फाकतात आणि ड्रमला आतून घासतात, गाडी थांबते. ते धरायला स्प्रिंगा असतात, चार-पाच बारीक चिजा असतात. ती शेजारी परात घेऊन बसायची. मी एक एक काढून द्यायचो आणि ती परातीत ठेवायची, पण ढीग नाही. वरची स्प्रिंग वर, खालची खाली, डावा लायनर डावीकडं. परातीकडं बघितलं की चाकच दिसायचं. ती परात कुणी हलवायची नाही. एकदा पोरगी सासरहून आलती, तिनं परात भिताडाकडं सरकवली तर हिनं तिला जेवायला वाढलं नाही दुपारपर्यंत.

आतली काळी पूड तोंडानं फुकू द्यायची नाही. तिचा भाऊ परळीला थर्मल वीजघराच्या राखेच्या गाड्यांवर होता, खोकून खोकून गेला. ती साबणाचं पाणी करायची, ओलं फडकं करायची आणि पुसून ते फडकं मातीत पुरायची. मेलेलं मांजर पुरल्यासारखं.

आणि एक कायदा होता. एका वेळी एकच बाजू खोलायची. डावी खोलली की उजवी शाबूत ठेवायची. काही इसरलं तर तिकडं जाऊन बघायचं. मला कंटाळा यायचा. दोन वेळा जॅक लावा, दोन वेळा हात काळे करा. मी म्हणायचो, "एकदाच दोन्ही काढतो, अर्ध्या दिसात मोकळा."

"आन अडलं तर कुणाच्या तोंडाकडं बघनार? आन मधीच कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर?"

"एक चाक काढलेली गाडी तरी कुठं जाती?"

"एक बसवायला अर्धा तास. दोन बसवायला दिस जातो तुमाला. मला ठावं हाय तुमचा हात."

पहिल्याच वर्षी मी उजवी बाजू डावीसारखी जोडली. अगदी तशीच, बघून बघून. ड्रम बसेना. मी शिव्या द्यायला लागलो. तिनं माझ्यासमोर दोन्ही हात धरले. "हा तुमचा डावा, हा उजवा. अंगठा दोन्हीचा आत हाय का न्हाई? मग डाव्यावाणी उजवा कसा लावता, येड्यावाणी?" शाळेत एक दिवस न गेलेली बाई. मी चार वर्षं गेलो होतो.

काम झालं की कालव्याच्या चढावर न्यायची गाडी. हे लोकांना आजही आठवतं. मधोमध चढावर थांबायचं, हातब्रेक ओढायचा, आणि ती उतरून गाडीच्या मागं जाऊन उभी राहायची. बरोबर मागं, कंबरेवर हात ठेवून.

"काढा पाय."

"अगं बाजूला हो."

"काढा म्हणते ना."

मी पाय काढायचो. एक वर्ष सोडलं तर गाडी कधी हलली नाही. त्या वर्षी टिचभर सरकली, तर ती जागची हलली नाही, मीच ओरडलो. ती म्हणली, "चला घरी. परत खोला." त्या दिवशी मी तिला लई बोललो. अक्कल काढली, माहेर काढलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणली, "गाडीसाठी तुमी नीट काम करनार न्हाई. मी मागं उभी ऱ्हाते म्हणून करता."

आमचं भांडण व्हायचं, नाही असं नाही. एकदा तीन दिवस अबोला होता, कशावरून ते आता आठवत नाही, तिच्या भावाच्या लग्नावरून असंल. नेमकी तेव्हाच ब्रेकची हवा काढायची होती. ते काम एकट्याला होत नाही. एकानं आत बसून पाय दाबून धरायचा, दुसऱ्यानं चाकापाशी बारका नट सैल करून तेलाबरोबर हवा सोडायची, नट आवळायचा, मग पाय उचलायचा. मी नुसता व्हॅनचा दरवाजा उघडून उभा राहिलो. ती आली, बसली.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

"सोड."

असं वीस-पंचवीस वेळा. दुसऱ्या चाकाला मी "सोड" म्हणायच्या आधीच तिनं पाय उचलला, आत परत हवा गेली. मी म्हणलं, "आंधळी हाईस का?" ती म्हणली, "मी हितून आंधळीच हाय, तुमी तोंड उघडत न्हाई टायमावर." झालं, अबोला संपला. तासभर भांडलो आणि संध्याकाळी एका ताटात जेवलो.

अशी बाई. तीस वर्षांत एकदाही दोन बाजू एकदम खोलू दिल्या नाहीत. म्हणून त्या दिवशी ती "उजवा पण खोला" म्हणली तेव्हा मला काय वाटलं ते खरं लिहितो. मला आनंद झाला. मी जिंकलो असं वाटलं. मी हसून म्हणलं बी, "आली का लाइनीवर म्हातारपणी?" ती हसली नाही. परात तिनं घेतली नव्हती, मीच घेतली होती आणि तिच्यात चिजा कशाही टाकल्या होत्या. तिनं त्यावरही काही म्हणलं नाही. सकाळपासून तिनं एकदाही कंबरेवर हात ठेवला नव्हता. हे सगळं मला आता दिसतं. तवा मी बोल्ट पिळत होतो.

कायदा तिचा होता आणि तिनंच मोडला. कावून मोडला हे मी इचारलं नाही. तिला सकाळपासून बरं वाटत नसंल आणि काम उरकून पडायचं असंल. का पोरगी दुसऱ्या दिवशी येणार होती म्हणून गाडी तयार पाहिजे असंल. मला माहीत नाही. इचारायचं सोडून मी जिंकलो.

साडेचारच्या सुमाराला ती म्हणली, "अवं, घाम यायलाय." वर बघितलं तर तोंड राखेसारखं. छातीवर हात. मी म्हणलं, "शेजारच्याची जीप बोलावतो."

"त्याच्यात नको. आपलीच जोडा."

आता जे लिहितो ते गावाला माहीत नाही. मी जोडायला बसलो. तीस वर्षं तिचं ऐकायची सवय. ती म्हणली जोडा, मी बसलो. परातीत सगळं एकात एक. उजव्याचं कुठलं, डाव्याचं कुठलं. बघायला शाबूत बाजू नव्हती. एक स्प्रिंग लावली ती हातातून उडून कुठं गेली ते दिसलं नाही, मी गुडघ्यावर रांगत शोधली. पाव तास गेला असंल. मग तिच्या तोंडातून आवाज आला आणि मी पाना टाकून शेजारी पळालो.

लोकांना चाकं दिसली. तो पाव तास मला एकट्याला दिसतो.

शेजारचा तसाच बनियनवर आला. जीपच्या मागं तिला आडवं केलं, डोकं माझ्या मांडीवर. त्याची बायको पुढं बसली. दिंद्रुडच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्या लागल्या, त्यानं जोरात ब्रेक मारला. खालून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. तिनं डोळे उघडले.

"ह्याचा मागचा डावा घासायलाय," ती म्हणली. "सांगा त्याला."

मी म्हणलं, "गप पड."

ती गप पडली. माजलगाव यायच्या आधीच गेली. डॉक्टरनं बघितलं आणि मान हलवली. पाव तास आधी आणलं असतं तर काय झालं असतं, हे मी त्याला इचारलं नाही. त्यानं काहीतरी सांगितलं असतं, आणि मग ते मला आयुष्यभर घेऊन बसावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी पोरगी आली, पाव्हणे आले, माती झाली. संध्याकाळी ठरलं की उद्या सावडायचं आणि राख घेऊन नदीला जायचं, सगळे पाव्हणे शेजारच्याच्या जीपमध्ये बसतील. तो बिचारा लगेच हो म्हणला. मी ऐकत होतो.

सकाळी उजाडल्यावर मी जॅक आणि पान्यांची पिशवी घेऊन त्याच्या दारात गेलो. त्याची बायको झाडत होती. ती दचकली. सुतकातला माणूस दुसऱ्याच्या दारात जात नाही.

"तात्या, काय पायजे? निरोप धाडायचा की."

"दारात न्हाई आलो, बाई. गाडीपाशी आलोय."

तो दात घासत बाहेर आला. जॅक बघून थुंकला. "आज? तात्या, पाव्हणे बसनार हायेत ह्याच्यात. टाइम न्हाई."

"बसनार हायेत म्हणूनच आलोय."

"परवाच तर जाऊन आलो. काय झालं का?"

"तुझा मागचा डावा घासायलाय. तुला सांग म्हणली ती."

"कवा म्हणली?"

"तुझ्याच गाडीत. मी तिला गप केलं."

तो तोंड धुवायचा राहिला. चाकाखाली दगड त्यानंच आणून लावला. नट मी सैल केले, चाक त्यानं काढलं, ड्रम बोल्ट पिळून बाहेर आला. एका लायनरला काही उरलंच नव्हतं. नुसती पत्र्याची पट्टी, आणि तिच्या रिबिटांच्या खिळ्यांनी ड्रमला आतून एवढा खोल चर पाडलेला की त्यात बोटाचं नख बसलं. त्यानं स्वतः नख घालून बघितलं.

"काकी दर बारीला इचारायच्या मला," तो म्हणला. "कवा खोललं व्हतं म्हणून. मी हसायचो. खोटंच सांगायचो."

"तिला ठावं व्हतं," मी म्हणलं.

आमच्या अंगणातून पोरगी हाका मारायला लागली. पाव्हणे तयार होऊन उभे होते. मी ड्रम आणि चाक परत बसवलं, जॅक उतरवला, मग पुढं जाऊन जीपची चावी काढली आणि सदऱ्याच्या खिशात घातली.

"तात्या, चावी..."

"नवे लायनर आन. मी बसवून देतो. मग देतो."

अंगणात येऊन पाव्हण्यांना म्हणलं, चपला घाला, नदीपतूर चालत जायचंय.